दाताला जंतू चिकटतो कसा: लाळ, साखर आणि म्यूटन्स (प्रकल्प नोंदी)

४ जुलै २०२५

टॉपिक एकदाचा पास झाला. एमएस्सी पार्ट टू, मायक्रोबायोलॉजी, मी आणि माझी पार्टनर. लाळेचा थर बसलेल्या पृष्ठभागावर दात किडवणारा जंतू स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स कसा चिकटतो आणि साखर दिली की त्यात काय बदलतं, एवढंच बघायचंय. कॉलेज नवी मुंबईत आणि मी राहते ठाण्यात, त्यामुळे या नोंदी बऱ्याचदा ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्येच टाईप होणार आहेत.

आमच्या गाईड मॅडमनी सिनॉप्सिस बघून एकच प्रश्न विचारला, "जंतू दाताला चिकटतो असं लिहिलंयस, पण तोंडात दात उघडा असतो कधी गं?" आणि खरंच, नसतोच. ब्रश करून चूळ भरली की काही सेकंदांत लाळेतली प्रोटीन्स इनॅमलवर बसायला लागतात. इनॅमल वजनाने साधारण ९६ टक्के खनिज, म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक, आणि लाळेतली स्टॅथरिन, प्रोलीन-रिच प्रोटीन्स वगैरे मंडळी त्या कॅल्शियमला धरून बसण्यात एकदम तरबेज. काही मिनिटांत १०-२० नॅनोमीटरचा थर तयार, पुढे काही तासांत तो अजून जाड होत जातो. याला पेलिकल म्हणतात. डेंटिस्टने पॉलिश करून काढला तरी खुर्चीवरून उठेपर्यंत परत बसायला सुरुवात झालेली असते. आणि हा थर म्हणजे घाण नाही हे मला मुद्दाम लिहून ठेवायचंय, कारण घरी सगळे त्याला घाणच समजतात. तो अ‍ॅसिडपासून इनॅमलला थोडं वाचवतो, आणि लाळेत कॅल्शियम-फॉस्फेट भरपूर असूनही ते दातावर दगडासारखं जमत नाही यात स्टॅथरिनचा मोठा हात आहे.

म्हणजे जंतूला भेटतो तो दात नाही, आपली लाळ. इथून पुढे सगळं या एका गोष्टीभोवती.

८ जुलै

चंदीगडच्या एमटीसीसीकडून (जंतू जपून ठेवून लॅबना पुरवणारी संस्था) कल्चर आलं, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स एमटीसीसी ८९०. अ‍ॅम्प्यूल फोडून ब्रेन हार्ट इन्फ्युजन ब्रॉथमध्ये टाकलं, ३७ डिग्रीला, कॅण्डल जारमध्ये. याला ऑक्सिजन चालतो पण कमी असला तर जास्त खुश असतो.

११ जुलै

वाढलं! ग्रॅम स्टेनला निळ्या-जांभळ्या गोळ्यांच्या साखळ्या, काही ठिकाणी गोळे जरा लांबट. ब्रिटनमधल्या क्लार्कनी १९२४ मध्ये किडक्या दातांतून हा पहिल्यांदा वेगळा केला तेव्हा त्यांनाही हेच दिसलं, अंडाकृती गोळे, म्हणून त्यांना वाटलं की हे नेहमीच्या स्ट्रेप्टोकॉकसचं बदललेलं रूप असावं आणि त्यावरून म्यूटन्स. नंतर बरीच वर्षं फारसं कुणी याच्याकडे बघितलं नाही, १९६० च्या सुमारास अमेरिकेत कीज आणि फिट्झगेराल्ड यांनी हॅमस्टरवर दाखवलं की दाताची कीड एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि मग सगळ्यांची नजर परत याच्यावर गेली.

मायटिस सॅलिव्हेरियस अगार या माध्यमावर बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक घालून स्ट्रीक केलं होतं, त्या प्लेटबद्दल जरा सविस्तर लिहिते. या माध्यमात साखर भरपूर असते. कॉलनी छोट्या, गडद निळ्या, वरून खडबडीत, आणि लूपने उचलायला गेलं तर मऊ कॉलनीसारखी पसरत नाही, अख्खी कॉलनी अगारला घट्ट धरून बसते आणि शेवटी एकसंध खड्यासारखी निघते. काही कॉलनींच्या अंगावर पारदर्शक थेंब बसलेला. तो थेंब म्हणजे ग्लुकान, साखरेपासून जंतूने स्वतः बनवलेलं. पार्टनर म्हणाली याचा फोटो रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाकू. टाकणारच.

१५ जुलै

लाळ गोळा केली. एथिक्स कमिटीचं पत्र हातात आल्यावरच, आणि सगळ्यांचे कन्सेंट फॉर्म भरून. वर्गातल्याच मुली, गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक न घेतलेल्या, सकाळी येऊन बर्फात ठेवलेल्या फाल्कन ट्यूबमध्ये लाळ साठू देत बसल्या. आधी दोन तास काही खायचं नाही आणि चहा तर अजिबात नाही असं सांगितलं होतं. चहावरून खूप कुरकुर झाली पण ते गरजेचं होतं, कारण चहातली टॅनिन्स लाळेतल्या प्रोलीन-रिच प्रोटीन्सना धरून बसतात (कोरा चहा प्यायल्यावर तोंड कोरडं-कोरडं लागतं ते यामुळेच), आणि मग आपण लाळ तपासतोय की चहा तपासतोय हेच कळणार नाही.

लाळ हाताळायला महा अवघड. पिपेटमधून सोडली तर थेंब पडत नाही, तार सुटते, आणि ती तार ट्यूबच्या काठापर्यंत येते. ते म्युसिन, लाळेतलं चिकट प्रोटीन. सरळ ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून घालायला गेलं तर फिल्टर गच्च होतो, म्हणून आधी सेंट्रीफ्यूज, मग बफरने (पीएच बदलू न देणारं द्रावण) पातळ करून मग फिल्टर. फिल्टरवर थोडं म्युसिन अडकून जातंच, म्हणजे आमची "स्वच्छ लाळ" ही तोंडातल्या लाळेपेक्षा थोडी गरीब आहे, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायचं. कोटिंगसाठीचा भाग ६० डिग्रीला अर्धा तास ठेवला म्हणजे प्रोटीन तोडणारे एन्झाइम्स शांत होतात. गुठळीच्या टेस्टसाठी वेगळा भाग ठेवला, तो फक्त सेंट्रीफ्यूज केलेला.

बर्फ लॅबच्या मामांनी कँटीनमधून आणून दिला. मामा नसते तर या लॅबमधला एकही प्रोजेक्ट पूर्ण झाला नसता, हे मनापासून.

१८ जुलै

आजचा दिवस या प्रोजेक्टचा जीव आहे असं मला वाटतंय.

तीन ट्यूब घेतल्या. तिन्हीत धुतलेले म्यूटन्स, बफरमध्ये, दुधाळ दिसेपर्यंत. पहिलीत नुसता बफर. दुसरीत लाळ आणि थोडं कॅल्शियम. तिसरीत लाळ आणि कॅल्शियम, वर ईडीटीए, जे कॅल्शियम पकडून ठेवतं. ३७ डिग्रीला ठेवून अधूनमधून उजेडासमोर धरून बघत बसलो. पहिली तशीच दुधाळ. दुसरीत आधी काहीच नाही, मग एकदम जाणवलं की दुधाळपणा एकसारखा राहिला नाहीये, बारीक रवाळ दिसतंय, मग ते रवे मोठे झाले, हळूहळू खाली बसायला लागले, आणि वरचं पाणी निवळत गेलं. तिसरी शेवटपर्यंत दुधाळ.

लाळेत ग्लायकोप्रोटीन ३४० नावाचं एक मोठं प्रोटीन आहे, त्याला सलायव्हरी अ‍ॅग्लुटिनिनच म्हणतात. म्यूटन्सच्या अंगावर अँटिजेन वन-टू नावाचं लांब प्रोटीन असतं, पेशीच्या भिंतीला एका टोकाने घट्ट बांधलेलं आणि ५० नॅनोमीटरहून जास्त बाहेर आलेलं. हे दोघं कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना धरतात. लाळेत मोकळं तरंगणारं अ‍ॅग्लुटिनिन एकाच वेळी अनेक जंतूंना धरतं, त्यांची गुठळी होते, आणि ती गुठळी आपण गिळून टाकतो. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ आपण गिळतो, तिच्याबरोबर हे सगळं पोटात. म्हणजे संरक्षण.

आणि हेच प्रोटीन दातावर पेलिकलमध्ये बसलेलं असलं की? म्यूटन्स त्याच अँटिजेन वन-टूने त्यालाच धरतो, पण आता ते प्रोटीन हलत नाही, त्यामुळे जंतूही वाहून जात नाही. मोकळं असताना जे हाकलून देतं तेच बसलेलं असताना पाय रोवायला जागा देतं. प्रोटीन तेच, जंतू तोच, फरक फक्त ते कुठे आहे याचा. मी हे आधी वाचलं होतं, पण ट्यूबमध्ये रवे खाली बसताना बघितल्यावर जे समजलं ते वाचून समजलं नव्हतं.

२४ जुलै

कालच्या मीटिंगमध्ये मॅडमनी बोस्टनच्या फोर्सिथ या संशोधन संस्थेतल्या गिबन्स यांचं काम वाचायला सांगितलं. ७० आणि ८० च्या दशकात यांनी आणि यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या बारीक मण्यांवर लाळ बसवून, त्यावर किरणोत्सारी खूण केलेले जंतू सोडून, किती चिकटले ते मोजायची पद्धत वापरली, आणि आम्ही करतोय ते त्याचंच साधं, खिशाला परवडणारं रूप आहे.

त्यातली एक गोष्ट वाचून मी स्टेशन चुकता चुकता राहिले. अ‍ॅक्टिनोमायसिस नावाचे जंतू प्रोलीन-रिच प्रोटीनला धरतात, पण फक्त ते प्रोटीन हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटवर बसलेलं असेल तेव्हाच. लाळेत मोकळं असलेलं तेच प्रोटीन कितीही असलं तरी यांना अडवत नाही. खनिजावर बसताना प्रोटीनचा आकार थोडा बदलतो आणि आत दडलेला भाग उघडा पडतो, जंतू तोच भाग ओळखतो. याचा अर्थ काय बघा, लाळेत तेच प्रोटीन ढीगभर तरंगत असताना हा जंतू त्यात अडकून वाया जात नाही, नेमका दातावरचा बसलेला रेणूच शोधतो. इतकं नेमकं. म्यूटन्सचं अ‍ॅग्लुटिनिनशी असं नाही, तो दोन्हीकडे धरतो, म्हणून तो लाळेत अडकतोही आणि दातावर बसतोही.

३० जुलै

पहिली प्लेट. ९६ खड्ड्यांची, अर्ध्या रांगा लाळेने कोट केलेल्या, अर्ध्या कोऱ्या, साखर कुठेच नाही. धुणं, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, परत धुणं, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने रंग सोडवून ५९५ नॅनोमीटरला रीडिंग. एलायझा रीडर (खड्ड्यांमधला रंग मोजणारं मशीन) बायोटेकवाल्यांचा, त्यांच्या वेळेत बसवून घ्यावं लागतं. एक गोष्ट कुणी हे करणार असेल तर लक्षात ठेवा: क्रिस्टल व्हायोलेट लाळेच्या थरालाही रंग देतो, त्यामुळे लाळ आहे पण जंतू नाही अशी रांग ठेवल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

शिवाय प्लास्टिक म्हणजे दात नाही. म्हणून बरोबरीने हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची पावडर घेऊन पण केलं, जंतू घालून हलवायचं, पावडर खाली बसू द्यायची आणि वर किती जंतू उरले ते ओडीवरून, म्हणजे द्रव किती गढूळ आहे त्यावरून, बघायचं. कोऱ्या पावडरवर बरेच बसले. लाळेने कोट केलेल्या पावडरवर त्याहून कमी. कोट केलेली पावडर आणि वर द्रवात मोकळी लाळ पण, तिथे सगळ्यात कमी. १८ तारखेच्या ट्यूबशी हे अगदी जुळतं. म्हणजे साखर नसेल तर म्यूटन्स लाळेसमोर काही फार मोठा पैलवान नाही.

५ ऑगस्ट

आता साखर. काचेच्या टेस्ट ट्यूब, ब्रॉथ तेच, फक्त साखर वेगवेगळी: एकात ग्लुकोज, एकात साधी घरातली साखर म्हणजे सुक्रोज, आणि एकात गूळ. गुळाचा हट्ट माझा. तुर्भ्याच्या एपीएमसीतून कोल्हापुरी गूळ आणला, कारण आमच्याकडे आजीपासून सगळ्यांचं ठाम मत की गुळाने दात किडत नाहीत, साखरेने किडतात. साखरेची द्रावणं ऑटोक्लेव्ह न करता फिल्टर केली, गरम केलं की सुक्रोज थोडं तुटायची भीती. गुळाचं द्रावण फिल्टर करायला अख्खी दुपार गेली.

आज सकाळी ट्यूब काढल्या. ग्लुकोजची ट्यूब ढवळलेली, गढूळ, वाढ भरपूर, पण हलवून ओतली की काच स्वच्छ. सुक्रोजच्या ट्यूबमध्ये द्रव त्या मानाने निवळ आणि काचेच्या भिंतीवर पांढरट खडबडीत साय. ओतलं तरी तशीच. पाण्याने खळखळून धुतलं तरी तशीच. बोटांमध्ये धरून ट्यूब जोरात हलवली तेव्हा तिचा एक कोपरा सुटून झेंड्यासारखा हलायला लागला, पण तुटला नाही. आणि गुळाची ट्यूब? तीच साय, फक्त रंगाने तपकिरी. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, म्यूटन्सला रंगाशी काही देणंघेणं नाही.

ग्लुकोजने वाढ होते पण चिकटत नाही आणि सुक्रोजने चिकटतो, हे नीट समजून घ्यायला हवं कारण सगळी मेख इथेच आहे. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले. म्यूटन्स ग्लुकोसिलट्रान्सफरेज नावाची एन्झाइम्स बाहेर सोडतो, तीन आहेत, बी, सी आणि डी. ही एन्झाइम्स सुक्रोज तोडतात आणि तो जोड तुटताना जी ऊर्जा मिळते तीच वापरून ग्लुकोज एकाला एक जोडत लांब साखळी करतात, तीच ग्लुकान. पेशीची स्वतःची ऊर्जा लागत नाही. नुसत्या ग्लुकोजमध्ये तो जोडच नाही म्हणून ग्लुकान बनत नाही. बी एन्झाइमचं ग्लुकान बहुतांशी पाण्यात न विरघळणारं, डीचं विरघळणारं, सी दोन्ही बनवतं. आणि उरलेलं फ्रुक्टोज वाया जात नाही, ते आत घेऊन अ‍ॅसिड बनवतात. एका साखरेत घरही बांधून होतं आणि जेवणही.

आजीला फोन करून गुळाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लाडूनंतर चूळ भरली तर चालेल ना?" चूळ भरावीच, पण जास्त फरक पडतो दिवसातून किती वेळा गोड तोंडात जातं याने. दरवेळी काही मिनिटांत पीएच खाली जातो, ५.५ च्या आसपास आला की इनॅमलमधून कॅल्शियम-फॉस्फेट सुटायला लागतं, आणि लाळेला ते परत वर आणायला अर्धा-एक तास लागतो. चहा-बिस्कीट, मग परत चहा, मग चॉकलेट, असं केलं तर लाळेला तो वेळच मिळत नाही. तिला हे पटलं.

१७ ऑगस्ट

काल दहीहंडी, ठाण्यात घराबाहेर पडणं अशक्य, खिडकीतून थर बघत बसले आणि डोक्यात प्लाकच, म्हणजे दातावरचा जंतूंचा थरच होता. दाताचंही तसंच आहे ना, म्यूटन्स काही खालच्या थरातला गडी नाही. स्वच्छ दातावर पहिले येतात ते सँग्विनिस, मायटिस, ओरॅलिस असले स्ट्रेप्टोकॉकस आणि अ‍ॅक्टिनोमायसिस, पेलिकलला धरायचं काम त्यांचं. मग त्यांच्या अंगावर बाकीचे चढतात, जंतू जंतूला धरतो. सँग्विनिसवाले तर दातासाठी बऱ्यापैकी निरुपद्रवी, हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून म्यूटन्सला अडवतात सुद्धा. पण वरचेवर साखर आणि अ‍ॅसिड मिळत राहिलं की त्यांचा जोर कमी होतो आणि अ‍ॅसिडमध्ये टिकणारा म्यूटन्स वरचढ होतो. म्हणून एकट्या म्यूटन्सला खलनायक करून लिहायचं नाही, इतर जंतूही अ‍ॅसिड बनवतात, हे डिस्कशनमध्ये येणार.

अजून एक. गालाच्या, जिभेच्या पेशी सतत गळत असतात, त्यांच्यावर चिकटलेला जंतू त्यांच्याबरोबर जातो. दात गळून नवा येत नाही (दुधाचे सोडले तर). तोंडात न झडणारा एवढाच पृष्ठभाग, म्हणून हा सगळा कारभार तिथेच मुक्काम ठोकतो.

१९ ऑगस्ट

पावसाने सुट्टी जाहीर, लोकलचे हाल, घरीच. कल्चर फ्रिजमध्ये सुरक्षित आहेत, मामांचा मेसेज आला.

वाचन: १९९९ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या गटाने अँटिजेन वन-टूचाच २० अमिनो अ‍ॅसिडचा एक तुकडा बनवला, पी१०२५. हा तुकडा अ‍ॅग्लुटिनिनवरची जागा आधीच अडवतो, मग जंतूला धरायला काही उरत नाही. स्वयंसेवकांच्या दातांवर लावल्यावर म्यूटन्स परत येणं रोखलं गेलं. जंतूला न मारता फक्त बसू न देणं, ही कल्पना मला प्रचंड आवडली. तोंडातले बाकीचे जंतू आपल्या उपयोगाचे आहेत, सरसकट सगळ्यांना मारणाऱ्या माऊथवॉशपेक्षा हे कितीतरी समंजस वाटतं.

२५ ऑगस्ट

गणपतीची सुट्टी लागायच्या आत मीडिया (जंतू वाढवायचं माध्यम) करून ठेवला. बाकी काही नाही.

९ सप्टेंबर

सुट्टीनंतर शेवटचा मोठा प्रयोग. प्रश्न असा: साखर असताना जंतू जास्त चिकटतो तो स्वतःच्या अंगावरच्या ग्लुकानमुळे, की पेलिकलवरच ग्लुकान बनून तिथे धरायला नवी जागा तयार होते? ग्लुकोसिलट्रान्सफरेज, विशेषतः सी, लाळेच्या थरात बसूनही काम करत राहतं, आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या शिलिंग आणि बोवेन यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं की पेलिकलवर जागच्या जागी बनलेलं ग्लुकान म्यूटन्सला धरायला जागा देतं.

आमची मांडणी: लाळेने कोट केलेले खड्डे. काहींत म्यूटन्सच्या कल्चरमधलं पेशी काढून टाकलेलं पाणी, ज्यात एन्झाइम असतं, आणि सुक्रोज. काहींत तेच पाणी पण उकळलेलं, म्हणजे एन्झाइम मेलेलं, आणि सुक्रोज. काहींत नुसता बफर. थांबायचं, मग नीट धुऊन सगळी साखर काढून टाकायची. आणि मग ताजे धुतलेले म्यूटन्स सोडायचे, साखरेविना. म्हणजे जंतू येतात तेव्हा साखर नाही, फक्त तिने मागे ठेवलेलं आहे.

१२ सप्टेंबर

रंग देऊन प्लेट धुतली आणि रीडरकडे न्यायच्या आधीच दोघी एकदम ओरडलो. जिवंत एन्झाइम आणि सुक्रोजच्या रांगा गडद जांभळ्या. उकळलेल्याच्या आणि नुसत्या बफरच्या रांगा फिकट, एकमेकींसारख्या. ज्या रांगेत ग्लुकान आहे पण जंतू सोडलेच नाहीत तीही फिकट, म्हणजे तो रंग जंतूंचाच. रीडरनेही तेच सांगितलं.

मॅडमनी प्लेट खिडकीजवळ नेऊन खालून बघितली आणि म्हणाल्या, "आता डेक्स्ट्रॅनेज घालून ग्लुकान तोडून दाखव, मग मी मानते." बरोबर आहे त्यांचं. फक्त डेक्स्ट्रॅनेज अल्फा १-६ चे जोड तोडतं आणि न विरघळणाऱ्या ग्लुकानमध्ये अल्फा १-३ जास्त असतात, त्यासाठी म्यूटॅनेज लागेल, ते मिळतं का ते विचारायचंय. डेक्स्ट्रॅनेज बायोटेकच्या फ्रिजमध्ये आहे असं मामा म्हणतायत, सोमवारी त्यांच्याबरोबर जाऊन बघते, आणि त्याआधी नव्या लाळेसाठी मुलींना परत चहा सोडायला सांगायचंय.